खाडीच्या तोंडाशी मारलेली गाठ

४ ऑक्टोबर

आमचा प्रितम कामावर गेला. चहा अर्धा टाकून! कोकणात जहाज फुटलंय, तेल किनाऱ्याकडे सरकतंय. त्याच्या कंपनीचे ट्रक सकाळीच वराळ्यातून निघाले. आत नारिंगी पट्ट्यांची वेटोळी. हे काय, म्हटलं. "आबा, पाण्यावरचा बांध समजा. वर फुगा, खाली झालर. तेल तरंगतं, ते अडतं. पाणी खालून जातं."

पाण्याला बांध मी घातलाय. पाण्यावर कधी नाही.

शेजारचा महिपती दुकानापाशी सगळ्यांसमोर — "भुशी धरनाच्या पायऱ्यांवर घोटाभर पान्यात रडला व्हता तुजा पोरगा. त्यो आता समुद्र अडवनार व्हय?" सगळे हसले. मीही हसलो. पोराला खरंच पोहता येत नाही.

५ ऑक्टोबर

प्रितमचा फोन लागत नाही. ही म्हणते, "तुमी सारका लावताय म्हनून लागत न्हाई."

६ ऑक्टोबर

चैतालीचा फोन! "आबा, दादा आमच्याच खाडीवर आलाय! दुपारी माझ्याकडं जेवला. किती खाल्लं विचारू नका." लेक तिकडे दिली तेव्हा लांब पडते म्हणून मी कुरकुरलो होतो. आज वाटलं, बरं झालं. जावयाला, अमृतला, खाडी म्हणजेच शेत. चिंबोऱ्या, कालवं — त्यावरच चूल पेटते.

संध्याकाळी प्रितमही बोलला. खाड्या बऱ्याच, पट्टे थोडे. काही खाड्या तशाच उघड्या राहिल्या. चैतालीच्या खाडीचं तोंड मात्र बंद केलं. होडी आली-गेली की राखणीचा माणूस पलीकडचं टोक सोडतो, परत बांधतो. वाडीकडच्या काठावर, खुंटाला शेवटची गाठ प्रितमने स्वतः मारली. "चैतूची खाडी आहे, आबा. दोनदा ओढून बघितली." मी म्हटलं, तिसऱ्यांदा बघ. चिडला.

७ ऑक्टोबर

इथे पत्रे वाजतायत. तिथे किती वारा असेल? अमृत सकाळचा होडी घेऊन गेलाय, अजून आला नाही. चैताली दोन शब्द बोलली आणि फोन ठेवला. जीव थाऱ्यावर नाही.

८ ऑक्टोबर

अमृत आला, पहाटे. सुखरूप. हुश्श म्हणतोय तोवर प्रितमचा फोन — गाठ सुटली! पट्टा वाहून एका बाजूला लागला, भरतीबरोबर तेल आत. तिवरांच्या मुळांपर्यंत सगळं काळं.

चैतालीला म्हटलं, पाणीच आहे, जाईल वाहून. म्हणाली, "आबा, हे पाणी नाही." मग नुसतं रडणं.

१० ऑक्टोबर

प्रितम परत आला. साहेबाने पाठवून दिलं. सगळ्यांसमोर म्हणाला म्हणे, "गाठ मारता येत नाही तो समुद्रावर कशाला आला?"

खाटेच्या पायाला दोरी बांधतो. ओढतो. सोडतो. परत बांधतो. "आबा, तुम्ही ओढा. सुटते का?" मी सगळा जोर लावला. नाही सुटली. माझ्याकडे बघत राहिला. "साहेबाला जाऊन सांगायचंय मला. मग तिथं कशी सुटली?"

मला काय ठाऊक, बाबा!

महिपती आला होता. दारातून दोरी बघितली, चेष्टा केली नाही. त्याचीच जास्त भीती वाटली.

१३ ऑक्टोबर

चैतालीशी बोल म्हटलं. "कुठल्या तोंडानं बोलू? तिचं पोट मी बुडवलं." ही आतून म्हणाली, "बहीन हाय तुजी, वैरीन न्हाई." त्याने ताट बाजूला सारलं.

१४ ऑक्टोबर

आजही जेवला नाही.

१६ ऑक्टोबर

चैतालीचा फोन. एका दमात — "आबा, गाठ सुटली नव्हती. मी सोडली. ह्यांची होडी पट्ट्यापलीकडं लाटांत, आणि राखणीचा माणूस जागेवर नाही. काय करू मी? होडी आत घेतली. पट्टा परत ओढायला गेले, माझ्यानं ओढवेना. वाडीत कुणाला माहीत नाही. कळलं तर आम्हाला दारात उभं करणार नाहीत."

मग म्हणाली, "दादा आहे का तिथं? द्या त्याला. त्याला तरी सांगते."

प्रितम समोरच बसला होता.

मी म्हणालो, नाही.