देठ सुकायच्या आधी

आये, त्या साली आपला शेवटचा भोपळा कुणी चोरला नव्हता. तो मी कापला होता. हे तुझ्यासमोर बसून सांगायला मला अकरा वर्षं मिळाली आणि त्यातला एक दिवसही मी कामी लावला नाही. आता तुला जाऊन सात पावसाळे झाले. शाळा सुटलीय, मुलं घरी गेलीत, आणि मी कल्याणच्या त्याच वर्गात, त्याच बैठ्या मेजाशी हे लिहायला बसलोय.

त्या सालाची तुला मी आठवण करून द्यायला नको. श्रावणातल्या उधाणानं बाळकुमचा बांध फोडला, खाडीचं पाणी भातात शिरलं आणि कुडावर चढवलेले भोपळ्याचे वेल मिठानं जळून गेले. भिंतीला शेणात थापून ठेवलेलं बी ओल लागून कुजलं. तू नखानं ते शेण कोरत बसली होतीस, एकेक बी चिमटीत धरून दाबून बघत होतीस. अकरा बिया धड निघाल्या. ते बी तू मानपाड्याहून, लग्नात, लुगड्याच्या गाठीला बांधून आणलं होतंस. पुढे जरीमरीच्या साथीत तुझं माहेर बसलं, तिथे दिवा लावायलाही कुणी उरलं नाही. म्हणजे त्या अकरा बियांत काय होतं ते मला ठाऊक होतं. मी नंतर स्वतःची समजूत घालत आलो की मला नीट कळलं नव्हतं. कळलं होतं.

उरलंसुरलं भात कापून झाल्यावर, कार्तिक सरता सरता, तू गोड्या विहिरीजवळच्या उंच तुकड्यात आळी केलीस. लोक हसले. भोपळा पावसाच्या तोंडाला लावायचा असतो, आणि आपल्या जमिनीला तर होळीनंतर ऊन तापलं की खार वर येतो, पांढरी साय धरते, वेल आठ दिवसांत करपतो. तू म्हणालीस, होळीपर्यंत पिकला तर पिकला. अकरातल्या चार उगवल्या, दोन वेल जगले. पौषात फुलं आली तेव्हा थंडीनं माशा फिरकत नव्हत्या. मग तू सकाळी फुका फुलं, ज्यांना फळ धरत नाही ती, खुडून आणायचीस आणि पोटाच्या फुलात हलकेच फिरवायचीस. ज्या फुलाखाली इवलासा भोपळा असतो त्याला आपल्या घरात पोटाचं फूल म्हणत. तीन फळं धरली तशी तू बाकीची सगळी तोडलीस, वेलाचे शेंडे खुडलेस, फळांखाली पेंढा घातलास. एक दवानं खालून सडलं. एक कोल्ह्यानं फोडलं. एक राहिलं. मी शनिवारी घरी आलो की तू मला ते दाखवायला न्यायचीस. नख लावून बघ म्हणायचीस. नख रुततंय तोवर कोवळा. देठ हिरवा आहे तोवर वेल त्याला पाजतोय, आत बी भरतंय. देठ वाळून लाकडासारखा झाला, अंगावरची चमक गेली, बुडाचा पांढरा डाग पिवळा पडला, की मग वीतभर देठ ठेवून कापायचा आणि छपरावर उन्हात ठेवायचा. मी मान डोलवायचो. मास्तर झालो होतो ना, मान डोलवायची सवय लागली होती.

आगरातला पहिला मास्तर म्हणून तू मला गावभर मिरवत होतीस, पण इथे कल्याणात मी कोण होतो ते तुला मी कधी सांगितलं नाही. शाळेत आम्ही चौघे. बाकीचे तिघे हेडमास्तरांच्या ओटीवर बसून पान खायचे, मी खाली पायरीशी उभा राहायचो. कुणी मला हाकलत नव्हतं. फक्त वर ये असंही कुणी म्हणत नव्हतं. फाल्गुनात डिपुटी साहेब शाळा तपासायला यायचे होते, त्यांचं जेवण हेडमास्तरांकडे होतं, आणि ओटीवर भाजीचं बोलणं चाललं होतं. डिपुटींना भोपळ्याचे घारगे आवडतात म्हणे, पण यंदा पुरानं भोपळा कुठे मिळतोय. मी पायरीवरून म्हणालो, आमच्या घरी आहे. हेडमास्तरांनी पहिल्यांदा माझ्याकडे वळून बघितलं. म्हणाले, "मग आणा की. आणि तुम्हीही या त्या दिवशी जेवायला."

त्या एका वाक्यासाठी मी ते केलं. वीस-बावीस वर्षांचा होतो, पोरसवदा म्हणून सोडून द्यावं असंही वय नव्हतं. होळीला बारा दिवस होते. शनिवारी दुपारी घरी आलो तेव्हा तू मिठागरावर गेली होतीस. तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली नसतीस, हे मला आज वाटतं आणि ते जास्त लागतं. मी वेलापाशी बसलो. नख लावलं, रुतलं. देठ हिरवागार. बोरू तासायच्या चाकूनं मी तो कापला आणि कापलेल्या जागी पाणी आलं. फळ पोत्यात घातलं, खांद्यावर टाकलं आणि तुला न भेटता निघालो. बांधावर शेजारची काकी समोरून आली, डोक्यावर हंडा. तुझी लहानपणापासूनची नाही पण लग्नापासूनची सोबतीण. तुम्ही दोघी एकाच साली बाळकुमात नांदायला आल्या होतात आणि दोघींचेही नवरे लवकर गेले. ती थांबली, पोत्याकडे बघितलं, विचारलं, लगेच निघालास, आयेला भेटला नाहीस? मी म्हणालो, काम आहे शाळेचं. ती तुझ्याच वेलाला पाणी घालायला चालली होती. तू मिठागरावर असायचीस त्या दिवशी वेल तीच सांभाळायची.

हेडमास्तरांकडे मला जेवायला बसवलं ते पडवीच्या टोकाला, वेगळ्या पानावर. माझा भोपळा सोवळ्याच्या स्वयंपाकघरात गेला, मी बाहेर राहिलो. कच्च्या भाजीला विटाळ नसतो. घारगे गोड लागत नव्हते, पाणचट होते, गूळ घालून सावरले होते. जेवण झाल्यावर मी हेडमास्तरांच्या बाईंना बियांबद्दल विचारलं. ठरवूनच गेलो होतो की बी तेवढं परत आणायचं, म्हणजे तुझं काही गेलं असं होणार नाही. त्यांनी पानावर मूठभर बिया आणून ठेवल्या. पांढऱ्या, चपट्या, कागदासारख्या. एक चिमटीत धरून दाबली तर दोन सालं एकमेकांना चिकटली, मध्ये काही नव्हतंच. बाई म्हणाल्या, "फार लवकर कापलात हो. अजून पंधरा दिवस ठेवायचा होता." मी हसलो आणि आभार मानले.

पुढल्या शनिवारी आलो तेव्हा तू अंगणात बसली होतीस. तू रडली नव्हतीस. चोरी झाली एवढंच सांगितलंस आणि विचारलंस, गेल्या शनिवारी तू येऊन गेलास म्हणे, तेव्हा होता का रे वेलाला? होता म्हणायची सोय नव्हती, मी निघालो तशी काकी पाणी घालायला तिथेच गेली होती. मी म्हणालो, मी बघितलं नाही. मग थांबायला हवं होतं. पण तू माझ्याकडे बघत राहिलीस आणि माझ्या तोंडून निघालं, काकी तेवढी बांधावर दिसली होती.

तू उठलीस. मी मागे मागे आलो. काकीच्या दारात चार बायका वाल सोलत होत्या, त्यांच्यासमोर तू तिला विचारलंस. ती चुलीपुढून उठून बाहेर आली. म्हणाली, "घरात शोध. चुलीत शोध. म्या त्याला पानी घातलं, बाय, म्या त्याला खाईन?" तू म्हणालीस, पोर खोटं बोलायचा नाय. तेव्हा तिनं तुझ्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. आये, मी अजून ती नजर सांगू शकत नाही. एका शब्दात ती मोकळी झाली असती. पोत्याचा एक शब्द. ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्या बायकांनी ते दार लावणं म्हणजेच कबुली धरली. विधवा म्हणून हळदीकुंकवाला नाही तरी बारशाला, ताडगोळ्यांच्या-वालाच्या वाट्याला जो हात तिच्याकडे पुढे यायचा तो पुढे यायचा थांबला.

होळीनंतर खार वर आला, वेल जळाला. मी कल्याणच्या बाजारातून भोपळ्याचं बी आणून दिलं. तू ते घेतलंस, राखेत घोळवलंस, शेणात थापून भिंतीला लावलंस. कधी पेरलं नाहीस. दरवर्षी मी विचारायचो आणि तू म्हणायचीस, बघू यंदा. मला वाटायचं, तुझं मन उडालंय.

तुझं तेरावं झालं, माणसं पांगली, तेव्हा काकी तांदळाची भाकर घेऊन आली. इतक्या वर्षांनी आपला उंबरा चढली. मी उठून उभा राहिलो तर म्हणाली, "बसा मास्तर." मला ती कधी अहो-जाहो करत नसे. मग तिनं सांगितलं. त्या होळीनंतर तिसऱ्या साली तू तिच्याकडे गेली होतीस, मिठाच्या राशीमागे, कुणी नव्हतं तेव्हा, आणि तिचे पाय धरलेस. तुला आधीच कळलं होतं. वेलावर उरलेला देठ तू त्याच दिवशी बघितला होतास. तो धारदार लहान चाकूनं सरळ कापलेला होता आणि गावात तसा चाकू एकाच्याच कंबरेला असायचा. तरी तू तिच्या दारात गेलीस. मी सांगितलं होतं म्हणून गेलीस, आणि मी खोटा ठरू नये म्हणून तीन वर्षं गप्प राहिलीस. मी विचारलं, "काकी, तेव्हाच का बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तुमची आय गावभर सांगायची, माझा पोर मास्तर. तिला चार बायकांत खाली कशी बघाया लावू?" त्यानंतर तुम्ही दोघी रोज मिठागरावर बोलत होतात. गावात मात्र नाही. गावात बोललात असतात तर कुणीतरी विचारलं असतं की मग भोपळा नेला कुणी.

म्हणजे मी सणावाराला टोपी घालून यायचो, ओसरीवर बसायचो, शाळेच्या गोष्टी सांगायचो, आणि तू ऐकायचीस, हे सगळं माहीत असताना. मी इथे मुलांना खोटं बोलू नये म्हणून छडी मारतो. काकी हे सांगून थांबली, मी काहीतरी म्हणेन म्हणून. मी म्हणालो, भाकर गरम आहे, बस, पाणी देतो. एवढंच. ती पाणी पिऊन गेली.

ती अजून आहे. डोळ्यांना कमी दिसतं म्हणतात, एकटी असते. तिला पत्र धाडून उपयोग नाही, वाचून दाखवायला मलाच जायला हवं, तेही दार उघडं ठेवून, चार बायका असताना. परवा रविवारी मी तेवढ्यासाठी निघालो. गाडीनं ठाण्याला उतरलो, पायी खोपटपर्यंत आलो. तिथे एका झाडाखाली बराच वेळ बसलो आणि परत फिरलो. घरी बायकोनं विचारलं, भेटली का काकी? मी म्हणालो, गेलो होतो, पण ती घरी नव्हती.