लँगफर्डची बाजू

राजुरी, ता. जुन्नर
१९ नोव्हेंबर २००६

प्रिय गेणा,

पाकीट जाड लागलं म्हणून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. सगळी आहेत. अंजनाचे गुडघे तेवढे बोलतात, बाकी तिची जीभ शाबूत आहे. कांद्याचं रोप यंदा दोनदा टाकावं लागलं. उसात बिबट्या फिरतोय म्हणून माणसं फडात शिरायला तयार नाहीत. आणि परवा मी मोटार चालू करून घरी येऊन बसलो ते विसरूनच गेलो. पाणी वाफे ओलांडून थेट रस्त्यावर. माझा थोरला, भरत, काही बोलला नाही. पूर्वी बोलला असता, चांगला दहा मिनिटं बोलला असता. आजकाल घरातली सगळी माझ्याशी जपून बोलतात आणि त्याचाच मला लई शीण येतो गड्या.

दिवाळीच्या बाजाराला घोडेगावात तू मला एक प्रश्न विचारलास आणि एसटी चुकेल म्हणून मी उठलो. एसटीला पाऊण तास होता. ते तुलाही ठाऊक होतं, तरी माझी पिशवी उचलून स्टँडपर्यंत आलास. तू विचारलं होतंस, "सावळा, त्या मेलेल्या लोकांचं ऱ्हाऊ दे. आपण दोघं भिडलो असतो तर रं?" तेहतीस वर्षांत पहिल्यांदा विचारलंस. त्याचं उत्तर द्यायला मी बसलोय. तीन दिवस झाले, चार कागद फाडले, हा पाचवा आहे.

आपला हा वाद नेमका कधी लागला, आठवतं का? मला वाटतं चौऱ्याण्णव साल. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या गेटवर मी नुकता वॉचमन म्हणून लागलो होतो आणि माझ्या सुट्टीच्या दिवशी तू हिरडा नाहीतर नाचणी घेऊन आहुप्याच्या गाडीनं खाली उतरायचास. मी नारायणगाव, मंचर करत घोडेगावला यायचो. हौशीरामच्या चहाच्या टपरीत सगळी दुनिया उसाच्या भावावर आणि निवडणुकीवर भांडायची आणि आपण दोघं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मेलेल्या परदेशी बॉक्सरांवर. हौशीराम म्हणायचा, आले दोन हेवीवेट, कपबशा सांभाळा रे. आधार काय, तर पलटणीतल्या एका साहेबानं टाकून दिलेलं इंग्रजी पुस्तक, त्याचीही पुढची पानं नाहीत. मी अडखळत वाचायचो, अर्थ लावायचो आणि तू माझ्या अर्थावर भांडायचास. पुढं दुर्बिणीवरच्या हर्षाली मॅडमनी कॉम्प्युटरमधून पानंच्या पानं काढून दिली. म्हाताऱ्या वॉचमनला हे कशाला हवंय असं त्यांनी कधी विचारलं नाही, ही त्यांची मेहरबानी.

तू पहिल्यापासून लँगफर्डच्या बाजूचा. सॅम लँगफर्ड, काळा बॉक्सर, उंचीला जेमतेम, वजनाला हेवीवेटपेक्षा कमी, आणि तरी भलेभले त्याच्यासमोर यायला कचरायचे. मी जॉन्सनचा. जॅक जॉन्सन चॅम्पियन झाला १९०८ साली, पहिला काळा हेवीवेट चॅम्पियन. आधी गोरे त्याला जवळ करत नव्हते. आधीच्या गोऱ्या चॅम्पियननं, जेफ्रीजनं, तर त्याच्याशी भिडण्याऐवजी निवृत्ती घेतली आणि गावी जाऊन जनावरांचा घास पिकवत बसला. त्यावर तू किती हसला होतास. म्हणालास, राजुरीचाच दिसतोय गडी, घास लावून गाया पाळल्या असतील. पण मग तू गंभीर झालास. ज्या जॉन्सननं स्वतः एवढी दारं ठोठावली, तो चॅम्पियन झाल्यावर लँगफर्डला त्यानं एकदाही रिंगमध्ये का घेतलं नाही, असं तू विचारायचास. मी म्हणायचो, १९०६ ला घेतलं होतं की, पंधरा राउंड, पॉइंटवर हरवलं. तू म्हणायचास, तेव्हा लँगफर्ड कोवळा होता, वजनात बारा-तेरा किलोचा फरक, ते धरायचं नाही. चॅम्पियन झाल्यावर सात वर्षं पट्टा याच्याकडं होता, तेव्हा का नाही बोलावलं? मग मी आवाज चढवायचो. पट्टा ज्याच्या कमरेला तो मोठा, बाकी सगळ्या टपरीवरच्या गप्पा, असं म्हणून मी टेबलावर हात आपटायचो.

तुझं उत्तर ठरलेलं असायचं. आवाज न चढवता म्हणायचास, "ज्याला तो भेटलाच न्हाई, त्याच्यापरीस तो मोठा कसा म्हणायचा?" एवढं बोलून तू चहा बशीत ओतायचास. मला त्या बशीचाही राग यायचा. मी घरी येऊन रात्रभर धुसफुसायचो. अंजना म्हणायची, असला कसला तुमचा दोस्त, भेटून आलात की जेवण जात नाही तुम्हाला. तिला काय सांगणार. बारा वर्षं मी जॉन्सनचा वकील झालो होतो आणि त्याची फी कोण देत होतं ते मलाच ठाऊक.

आता पलटणीचं लिहितो. तू लंगरात होतास, भांडी आणि चुलाण सांभाळायला. मी बंदूकवाला शिपाई. खरं तर तुझा-माझा संबंध ताटापुरता. पण सुभेदारसाहेबांनी तुला एकदा तांदळाचं पोतं एका हातानं उतरवताना बघितलं आणि तुझ्या हातांत बॉक्सिंगचे ग्लोव्हज घातले. अख्ख्या पलटणीत हेवीवेट दोघंच, तू आणि मी, म्हणून सराव आपला आपल्यातच. त्या सरावाची गोष्ट मी कुणाला कधी सांगितली नाही. तूही नाहीस. तुझा डावा हात बरगडीखाली बसायचा तेव्हा माझा श्वास परत यायला वेळ लागायचा आणि तू ते ओळखून थांबायचास. लोक बघत असले की मुद्दाम हुकवायचास. ते मला कळत होतं आणि मारापेक्षा तेच जास्त लागायचं.

त्र्याहत्तर सालची पलटणीच्या बॉक्सिंगची तुझी-माझी फायनल बघायला माझे वडील भावकीतली सहा माणसं घेऊन पुण्याला यायचे होते. तुझं नाव त्यांनी ऐकलं तेव्हा विचारलं, आहुप्याचा म्हणजे चिमाबाईचा का? तुझी आई कांदेकाढणीला टोळीबरोबर आमच्या रानात यायची. तिला आमच्या ओट्याखाली भाकरी मिळायची, तिच्यासाठी वेगळा तांब्या होता. वडील हसून म्हणाले, म्हणजे आपल्याच बिगारणीचा पोरगा की, त्याला काय घाबरायचं. गेणा, मी घाबरलो नव्हतो असं नाही, पण हरण्याला घाबरलो नव्हतो. सहा जणांसमोर, बापासमोर, ओट्याखाली बसणाऱ्या बाईच्या पोराकडून हरण्याला घाबरलो होतो. गोऱ्यांनी काळ्या बॉक्सरांसाठी रेघ मारली होती असं आपण टपरीत तावातावानं बोलायचो. माझ्या घराच्या ओट्याला तीच रेघ होती आणि ती मी कधी पुसली नाही.

संध्याकाळच्या रोल कॉलला सगळे हुकूम वाचून दाखवायचे. त्या वेळी लंगरवाले जेवणाच्या तयारीत. म्हणून तुझी-माझी रीत ठरली होती. मी फळ्यावरचं वाचून लंगरात यायचो आणि तुला सांगायचो, कारण तुला तेव्हा अक्षर येत नव्हतं. सगळ्या गोष्टीत असंच, रजा असो, पगार असो, घरची पत्रं असोत. फायनलच्या आदल्या संध्याकाळी फळ्यावर नवा कागद होता. वजन सकाळी नऊऐवजी सात वाजता, हजर नसेल तो बाद. हेवीवेटला वरची मर्यादाच नसते, आपलं कसलं वजन बघतात, असं आपण हसायचो. पण नियम तो नियम, काट्यावर उभा राहिला नाही तर माणूस रिंगमध्ये जाऊ शकत नाही. मी लंगरात आलो. तू पिठात कोपरापर्यंत हात घालून बसला होतास. तू नुसती मान वर केलीस. मी म्हणालो, "फळ्यावर नवीन काही नाही."

झालं. एवढंच केलं मी. तू सकाळी चहा उतरवून, आंघोळ करून, केसांना तेल लावून पावणेनऊला आलास तेव्हा टेबल उचललं होतं आणि माझं नाव वॉकओव्हर म्हणून लिहून झालं होतं. मी तुला म्हणालो, कागद माझ्या पाठीमागं लावला असेल, मला सकाळी पोरांकडून कळलं, तुला निरोप धाडायला वेळ नाही मिळाला. तू विश्वास ठेवलास. सुभेदारसाहेबांनी विचारलं तर तू माझं नाव घेतलं नाहीस. म्हणालास, चूक माझी आहे, अडाणी माणसानं दुसऱ्याच्या डोळ्यावर किती दिवस जगायचं. आणि त्याच आठवड्यात पाटी घेऊन माझ्याकडंच आलास, मला शिकव म्हणून. मी शिकवलं. सहा महिने, रोज तासभर. तुला वाटलं, सावळा देवमाणूस आहे. तू पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहिलंस तेव्हा मला मिठी मारलीस आणि मी तिथून उठून बाहेर जाऊन बसलो.

त्या पट्ट्यावर मी नाईक झालो, हवालदार झालो, बॉक्सिंगचा कोच झालो, दुर्बिणीच्या गेटवर नोकरीला लागलो तेव्हाही अर्जाला तोच दाखला जोडला. तू लंगरातूनच पेन्शनीत आलास. आहुप्यात लोक म्हणाले, गेणा झोपून राहिला म्हणून हुकला, आणि तू ते हसून ऐकून घेतलंस. लंकाबाई वहिनीनं एकदा माझ्यासमोर तुला झोपाळू म्हणून चिडवलं. मी तिथंच तिच्या हातचा भात खात होतो. मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तीन राउंडची लढत. पहिला राउंड मी कसाबसा काढला असता, कारण तू कुणालाही आधी थोडा मान द्यायचास. दुसऱ्यात तू मला बसवलं असतंस. तिसरा झालाच नसता. हे मला त्या संध्याकाळी माहीत होतं, पुढं बारा वर्षं टपरीत ओरडतानाही माहीत होतं. जॉन्सनचं मला खरंच माहीत नाही. त्यानं लँगफर्डला का टाळलं ते त्याच्याबरोबर गेलं. पण निदान त्यानं त्याला एकदा समोर घेतलं होतं. माझ्याकडं तेवढंही नाही.

आता हे आजच का, ते सांगतो. पुण्याच्या डॉक्टरनं डोक्याचा फोटो काढलाय. म्हणाला, बाबा, तरुणपणी डोक्यावर लई मार खाल्लाय तुम्ही. आधी ताज्या गोष्टी जातील, मग जुन्या गोष्टी एकमेकींत मिसळतील. मी म्हटलं, मिसळू देत, आता काय लागतंय मला. पण गेल्या रविवारी जुन्नरला माजी सैनिकांनी माझा सत्कार ठेवला होता. माईकवर मला फायनलचं बोलायला सांगितलं. मी बोललो की मी गेणाला आदल्या दिवशी लंगरात जाऊन सांगितलं होतं, सात वाजता ये, पण गडी झोपला. लोक हसले. मी खाली येऊन बसलो, शाल पांघरली, आणि गेणा, मला काहीच वाटलं नाही. खोटं बोलल्यासारखं वाटलं नाही. मला ते आठवत होतं, तुझे पिठातले हात, माझा आवाज, सात वाजता ये. गाडीत बसल्यावर कुठंतरी आळे गावाच्या अलीकडं भानावर आलो. अर्ध्या तासासाठी मी निर्दोष झालो होतो. हा अर्धा तास वाढत जाणार. एक दिवस मी पुरता सुटेन आणि तू मात्र मरेपर्यंत स्वतःला अडाणी म्हणत राहशील, कारण त्या संध्याकाळी तिथं आपण दोघंच होतो आणि खरं काय ते मला एकट्यालाच ठाऊक आहे. म्हणून डोकं जागेवर आहे तोवर हे लिहून तुझ्या ताब्यात देतोय. माफ कर असं म्हणत नाही, तो हक्क मी ठेवलेला नाही. यायचं तर ये, नाही आलास तरी समजेन. पण आलास आणि मी तुला म्हणालो की मी तर सांगितलं होतं, तूच झोपलास, तर पूर्वीसारखा हसून गप्प बसू नकोस. मी चिडेन, शिव्याही देईन, हे कुणी लिहिलं म्हणून तुझ्यावरच ओरडेन. ओरडू दे. सगळ्यांसमोर सांग की फायनल तुझी होती.

तुझाच,
सावळाराम