माळावरची दोन धोतरं

५ डिसेंबर १९७१
अमडापूरच्या वरच्या टेकडीवर आली. मस्त जागा! पत्र्याची खोली, चूल, फोन, आन वारा फुकट. लढाई लागली म्हणून सरकारनं विमानं पाहाले माणसं बसवली. तिसरी शिकेल बाई चालते, डोळे चांगले पाहिजे. भिंतीवर आपल्या फौजेच्या विमानांचा तक्ता हाये, नुसती काळी चित्रं आन खाली नावं. जे दिसलं त्याच्या खाली रेघ मारायची आन चिखलीच्या कचेरीत माणिकराव सायबाले फोन करायचा. जी विमानं जुनी होऊन मोडीत निघाली त्यायच्यावर लाल फुली. माणिकराव स्वतः सामान पोचवाले आले. म्हणे, कोकिळाबाई, इथं हाक माराले कुत्रं नाई. मी म्हटलं, बरं झालं. मालक गेले त्याले अकरा वर्षं झाले, तवापासून नावानं कोण हाक मारते? जाऊ तर 'ए बुढे' म्हणते.

६ डिसेंबर
नॅट दोन, चिमणीएवढे. डकोटा एक, ढेरपोट्या. माणिकराव फोनवर म्हणे, शाब्बास. मी म्हटलं, शाब्बासकी ठेवा, मीठ विसरले ते पाठवा.

८ डिसेंबर
काल कोणीच नाई. ना विमान, ना माणूस.
आज मालकाची दोन पांढरी धोतरं धुतली. तेच पांघरते मी. दोरीवर वारा ठेवत नाई, म्हणून माळावर अंथरून दगड ठेवले. एक लांब, त्याच्या डोक्याशी दुसरं आडवं, बाकी जागी कुसळं. भर दुपारी मोठं विमान आलं. चार पंखे, दोन शेपट्या. आवाज काहीच नाई. धोतरांवर तीन घिरट्या घातल्या आन गेलं. तक्त्यात शोधलं. लिबरेटर. लाल फुली.

९ डिसेंबर
माणिकराव फोनवर हसले. म्हणे, बाई, ते तीन वर्षांआंधीच मोडीत गेले, ऊन लागलं तुमाले. मग धोतरांचं सांगितलं. हसणं थांबलं. म्हणे, कापड असं मांडलं म्हणजे विमानाले 'इथं उतर' अशी खूण, उचला आत्ताच्या आत्ता. मंग आंधी काऊन नाई सांगितलं? फोन आपटला. धोतरं उचलली. खालचं गवत पांढरंफट पडलं. तशाच आकारात. एका दिवसात?

१० डिसेंबर
पुन्हा आलं. लय खाली. चाकं बाहेर काढेल. काचेतून तोंडं दिसली, सगळी माह्याकडं.
गवत विळ्यानं कापलं. खालची माती पण पांढरी.

११ डिसेंबर
फोन मुका. सकाळपासून खणून राह्यली. जितकं खणते तितकं पांढरंच. हाताले फोड. पळावं — कुठं पण? जावेकडं?

दुपार
उतरलं. धूळ उडाली नाई. विमानाचं दार उघडलं — आतले किती वर्षं फिरत होते, कोणी उतराची खूणच केली नाई त्यायले. मी केली.
खोलीची कडी लावली.

चालत येऊन राह्यले. सावल्या नाई.

बाहेर उभे. हाक मारते कोणीतरी. बुढे नाई — कोकिळा — मालक मारत तशी, शेवट लांबवून —
कडी नाई काढणार मी. नाई काढणार. अकरा वर्षं झाले कोणी —
हात आपोआप कडी