शेजारचा ब्रेक

रविवार, १४ मार्च
दुपारी साडेतीन

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनींनाही सांग, आणि चिमणीला एक पापा. आई-बाबा बरे आहेत, मी बरी आहे. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण बाबांचा विषय निघाला की तुझ्या कुठल्या तरी इमारतीतली लिफ्ट नेमकी तेव्हाच अडकते आणि तुला फोन ठेवावा लागतो. म्हणून पत्र. आधी घडलं ते क्रमाने लिहिते.

१. काल, शनिवारी सकाळी साडेदहाला, आई, बाबा आणि मी नवी गाडी बघायला गेलो. मोठी एसयूव्ही. दोघांच्या निवृत्तीतल्या प्रवासांसाठी.
२. टेस्ट ड्राइव्ह आईने घेतली. सात किलोमीटर. बाबा तिच्या शेजारच्या सीटवर, मी आणि सेल्समन मागे.
३. त्या सात किलोमीटरमध्ये बाबांनी चौदा वेळा ब्रेक दाबला. त्यांच्या पायाखाली ब्रेक नव्हता, गालिचा होता.
४. परत आल्यावर बाबांनी विचारलं, शेजारच्या सीटसमोर दुसरा ब्रेक बसवून मिळेल का.
५. आई म्हणाली, तो बसवला तर त्या गाडीत मी बसणार नाही.
६. बुकिंग न करता आम्ही घरी आलो.
७. घरी मी बाबांना एक गोष्ट सांगितली. त्यानंतर बाबांनी मला एक सांगितली.

सातवा मुद्दा तुझ्याबद्दल आहे. पण तो बाकीच्या सहांमधूनच निघाला, म्हणून ते नीट लिहिते.

बाबांनी जानेवारीत ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं, हे आईने तुला कळवलं असेल. दोन्ही गाड्या विकल्या. विकण्याआधी मेकॅनिकने शिकवणाऱ्याच्या बाजूचे जादाचे ब्रेक काढले. बाबा तोवर शेजारी उभे होते. मेकॅनिक गमतीत म्हणाला, "सर, घरी नेताय का आठवण म्हणून?" बाबा हसले नाहीत. चौतीस वर्षं माणूस ज्या सीटवर बसला ती सीट आता नुसती सीट झाली, असं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं. हा माझा अंदाज. मोजलेलं नाही.

प्रवासाची कल्पना आईची. टपाल छाननीत तिने तीस वर्षं गावांच्या नावाच्या थैल्या भरल्या आणि त्यातली दहासुद्धा गावं पाहिली नाहीत. तिच्याकडे एक वही आहे. नाव आवडलं म्हणून लिहिलेली गावं, पत्ते नेहमी चुकीचे यायचे म्हणून लिहिलेली गावं, वर्षातून एकच पत्र जायचं अशी गावं. एकूण त्रेसष्ट. ती म्हणते, "माझ्या हातून एवढी पत्रं गेली, आता मी जाते."

गाडी खरंच चांगली आहे. मी स्वतः खाली वाकून बघितली. आईने सीट वर घेतली, आरसे लावले आणि पहिल्याच चौकात म्हणाली, "अगं, इथून सगळ्यांची टपं दिसतात!" इतकी खूश मी तिला निवृत्तीच्या दिवशीही पाहिली नव्हती. आणि बाबा तिच्या शेजारी बसून गालिचा दाबत होते.

"अहो, सिग्नल अजून लांब आहे."

"मी कुठे काय म्हटलं?"

"तुमचा बूट बोलतोय."

सेल्समन बिचारा प्रत्येक दाबाला मागून सांगत होता की गाडीचा गालिचा काढून धुता येतो.

शोरूममध्ये बाबांनी ब्रेकचं विचारल्यावर त्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "सर, या बाजूला एअरबॅग आहे ना."

"एअरबॅग आपटल्यावर. मी आपटायच्या आधीचं विचारतोय."

"तशी सोय कंपनीकडून नाही, सर."

"मग बाहेरून बसवून घेऊ."

तेव्हा आईने हातातलं माहितीपत्रक घडी करून टेबलावर ठेवलं. आवाज चढवला नाही. "बावीस वर्षं मी गाडी चालवते आहे. पहाटेच्या पाळीला, धुक्यात, एकटीने. त्रेसष्ट गावं मला कुणाच्या तरी पायाखाली फिरायची नाहीत. ब्रेक बसवलात तर तुम्ही जा. मी बसने जाईन."

आम्ही घरी आलो. जेवणानंतर बाबांनी माहितीपत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकृती काढली आणि माझ्यासमोर सरकवली. एक रॉड, दोन क्लॅम्प, एक पेडल. आकृती बरोबर होती.

"धाकटे, तू दिवसभर ब्रेकच तपासतेस. तू बसवून दे. तुझ्या हातचा असेल तर तुझी आईही मान्य करेल."

मी नाही म्हणाले.

"का? नियमात बसत नाही?"

"बसत नाही. पण कारण ते नाही."

"मग काय आहे?"

दादा, इथे मी तुझ्याशी केलेला करार मोडला. तुला विचारून मोडायला हवा होता. विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी तेच निमित्त करून आणखी नऊ वर्षं गप्प बसले असते. म्हणून विचारलं नाही. मी म्हटलं, "त्या दिवशी गाडी मी चालवत होते."

पुढचं सगळं एका दमात सांगितलं. मला अठरा पूर्ण व्हायला अडीच महिने होते. मीच आठवडाभर तुझ्या मागे लागले होते, एकदा तरी खऱ्या रस्त्यावर ने म्हणून. रविवार होता, गोदामांचा रस्ता रिकामा होता, आणि तू शेजारच्या सीटवर होतास. वळणावर गाडी गोदामाच्या भिंतीवर आदळली. तुझं मनगट डॅशबोर्डवर आपटून मोडलं, स्टिअरिंगवर नाही. भिंतीतून धूळ पडत असतानाच तू मला खाली उतरवलंस आणि म्हणालास, "तू इथे नव्हतीसच. घरी जा. परवाना नसलेली मुलगी आणि शेजारी स्कूलमध्ये शिकवणारा मी, हे कळलं तर बाबांच्या स्कूलला कुलूप लागेल." मी घरी गेले. चालत. पंचवीस मिनिटं.

बाबांनी विचारलं, "भिंत दिसली नाही तुला?"

"दिसली. वळण आलं तेव्हाच दिसली."

"मग?"

त्याचं उत्तर मला नऊ वर्षं माहीत आहे, तुलाही मी कधी सांगितलं नव्हतं. बाबांनी मला मैदानात एकवीस तास शिकवलं. त्या एकवीस तासांत मी एकदाही पूर्ण ब्रेक दाबला नाही. समोर काही आलं की बाबांचा पाय माझ्या आधी जायचा, आणि दोन्ही पेडल जोडलेली असल्याने माझं पेडल आपोआप खाली जायचं. मी नुसता पाय ठेवायचा. मला वाटायचं ब्रेक लागतो तो असाच. भिंत दिसल्यावर मी पेडलवर पाय ठेवला आणि ते खाली जाण्याची वाट पाहिली. साधारण दोन सेकंद. ताशी चाळीसला दोन सेकंद म्हणजे बावीस मीटर. तू ओरडलास तेव्हा मला कळलं की तुझ्या बाजूला ब्रेक नाही, आपण घरच्या गाडीत आहोत. मग दाबला. उशीर झाला होता.

मी बाबांना म्हटलं, "आईला तुमच्या ब्रेकची गरज नाही. आणि असला तर एक दिवस तीही त्याची वाट बघायला लागेल. म्हणून मी बसवणार नाही."

मला ब्रेकच्याच विभागात का गेलीस असं लोक विचारतात. मी सांगते, जागा रिकामी होती.

बाबांनी आकृती परत स्वतःकडे ओढून घेतली. आई ओट्यापाशी उभी होती, तिने नळ बंद केला. मला वाटलं ते आता चिडतील. त्याची मी तयारी केली होती. ते म्हणाले,

"सीट पुढे होती."

मला कळलं नाही.

"त्या संध्याकाळी गाडी गॅरेजला न्यायला बसलो तेव्हा माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. तुझा दादा माझ्यापेक्षा चार बोटं उंच. त्या सीटवर तो बसूच शकला नसता."

"मग तुम्ही काय केलंत?"

"सीट मागे केली."

आई म्हणाली, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?" तिला खरंच काही माहीत नव्हतं, दादा. तिला माहीत होतं असं तुझ्या मनात असेल तर काढून टाक.

बाबा म्हणाले, "मी विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं. मग मला स्कूल बंद करावं लागलं असतं. तो गप्प राहिला, मला बरं वाटलं."

आईने विचारलं, "आणि त्याला जे बोललात ते? त्याची काय गरज होती?"

ते वाक्य मी इथे लिहीत नाही. रिकाम्या रस्त्यावर भिंत न दिसणाऱ्या शिक्षकाबद्दलचं. तुला पाठ असेल.

"ते गॅरेजवाल्यासमोर बोललो. लोकांना शंका येऊ नये म्हणून. तिथेच थांबायला हवं होतं. मग घरीही तेच बोललो, म्हणजे घरात कुणाला शंका नको. तो चिडेल, भांडेल असं वाटलं होतं. त्याने स्कूलच्या गाडीची किल्ली टेबलावर ठेवली." मग म्हणाले, "माझ्यापेक्षा चांगला शिकवायचा. त्याच्या हाताखालची पोरं घाबरायची नाहीत."

हे मी त्यांचेच शब्द लिहिले आहेत. त्यात भर घातलेली नाही आणि काही गाळलेलं नाही.

आई आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ती वही होती. तिने शेवटचं पान उघडून बाबांपुढे ठेवलं. तिथे एकच नाव आहे, तुझ्या गावाचं. ती म्हणाली, तू गेल्यापासून निवृत्तीच्या दिवसापर्यंत त्या गावाची थैली तिने दुसऱ्या कुणाला बांधू दिली नाही. पाळी संपली तरी थांबायची. "सहा वर्षं थैली बांधली, आणि ज्याच्यासाठी बांधत होते त्याच्याकडे जायला एकदाही गाडी काढली नाहीत तुम्ही." हे ती बाबांना म्हणाली. पण ते मलाही लागू होतं. मला गाडी चालवता येते.

आज सकाळचं सांगते, कारण ते चांगलं आहे. बाबा स्वतःहून उठले आणि म्हणाले, "चल, भाजी आणू." आईने जुनी छोटी गाडी काढली. बाबा शेजारी बसले, दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतलेले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. परत आल्यावर मी विचारलं, किती वेळा. आई म्हणाली, "तीन. त्यात एकदा खरंच कुत्रं आलं होतं, ते धरत नाही." बाबा पिशवी उचलत म्हणाले, "दोन म्हण ना मग." बऱ्याच दिवसांनी ती दोघं एकाच गोष्टीवर हसली.

ती आकृती बाबांनी फाडून टाकली. माझ्यादेखत.

आता माझं. मी तुला कधी सॉरी म्हटलं नाही. हा विषय काढायचा नाही असं तू ठरवलं होतंस, आणि मला ते सोयीचं पडलं. तुझी शिकवण्याची नोकरी गेली, शहर बदललं, तू नव्याने लिफ्टचं काम शिकलास. मी प्रवेश परीक्षा दिली आणि इंजिनिअर झाले. सगळेजण म्हणतात, धाकटी हुशार निघाली. दर वेळी मला त्यांना दुरुस्त करावंसं वाटलं आणि दर वेळी मी थँक्यू म्हटलं. चूक माझी होती. मला माफ कर, असं मी हातात हात घेऊन म्हणू शकले असते तर पत्र लिहिलं नसतं. पण म्हणायचं तेच आहे.

बाबांना माफ कर असं मी लिहिणार नाही. ते तुझं तू बघ. ते तुला फोन करायला दोनदा उठले आणि दोनदा बसले. काल म्हणाले, फोनवर नाही, समोर उभं राहून सांगेन, त्याने घरात घेतलं तर. मी म्हटलं, तुमच्यातर्फे मी काही कबूल करणार नाही. फक्त विचारते.

तर दोन प्रश्न.

पहिला. आईला पहिला प्रवास तुझ्या गावाचा करायचा आहे. चारशे दहा किलोमीटर. निम्मं ती चालवेल, निम्मं मी. बाबा शेजारी बसतील आणि पाय सीटखाली ठेवतील, असं त्यांनी कबूल केलं आहे. येऊ का?

दुसरा. गाडी दोन प्रकारांत मिळते. पाच सीटची, मागे भरपूर सामान मावणारी. किंवा सात सीटची, सामानाला जागा कमी. आपण सगळे मिळून सहा. आई म्हणते सात. बाबा म्हणाले, त्याला विचारल्याशिवाय त्याची सीट धरायची नाही. त्यावर तिनेही वाद घातला नाही.

शोरूमवाला आमच्यासाठी शनिवारपर्यंत थांबणार आहे, येत्या नव्हे, त्याच्या पुढच्या. तेव्हा शुक्रवारी, २६ तारखेला, संध्याकाळी सहापर्यंत मला कळव. पत्राने, फोनने, वहिनींकडून, कसंही. उत्तर 'नको' असेल तर 'नको' असं कळव. पण कळव.

तुझी,
धाकटी