शून्य रुग्णांचं गाव

१२ एप्रिल २०२१, सोमवार

विठाबाई गेल्या. चार दिवस ताप, कालपासून धाप. मी आणि लुंबिनी पोचलो तोवर तोंडावर लुगडं ओढलेलं. लुंबिनी इथली आशा कार्यकर्ती, माझं आरोग्य उपकेंद्र तिच्याच पायांवर चालतं. ती दारातच रडायला लागली — विठाबाईंनी तिचं बाळंतपण केलं होतं.

मुलगा सत्यम हात जोडून म्हणाला, "सिस्टर, कोरोना लिहू नका. खांद्याला चार माणसं यायची न्हाईत."

लिहू कशी? तपासणीच नाही! किट या वर्षी एकदाच आले. दहा. मार्चमध्ये वापरले, सगळे निगेटिव्ह. ताप आला तो एप्रिलमध्ये.

रजिस्टरला 'वृद्धापकाळ' लिहिलं. वय चौपन्न.

१४ एप्रिल

जयंती. मिरवणूक नाही. लुंबिनीनं खीर आणली, ओट्यावर ठेवून लांब उभी राहिली. "खाऊन घ्या, सिस्टर. मग वरच्या गल्लीत जायचंय, तिथं पाच घरात ताप हाय."

तालुक्याच्या आरोग्य अधिकारी साहेबांना फोन केला. "मागणी टाका." टाकलीय, तीनदा! "मग वाट बघा. आणि हे बघा, पॉझिटिव्ह रिपोर्ट असेल तरच कोविडचा मृत्यू धरायचा. नसता नाही."

किटच नाही तर रिपोर्ट कुठून आणू, असं विचारलं. तोवर फोन कट झाला होता.

१७ एप्रिल

सरपंच शेषेराव पेढे घेऊन आले. पेढे! एकही रुग्ण नसलेल्या गावांच्या यादीत आपलं नाव लागलं म्हणे.

"लई चांगलं काम करून राहिल्या तुम्ही."

"सरपंच, या महिन्यात अकरा माणसं गेली."

"ताप तर दरसाल येतोच की."

प्रत्येकाच्या मातीला तेच पुढं असतात. त्यांना काय माहीत नाही? पेढा खाल्ला मी. सकाळपासून पोटात काही नव्हतं.

१९ एप्रिल

गावातल्या भुजंगनं त्याच्या भाड्याच्या जीपमधून पेशंट नांदेडला नेला होता. इथून शंभर किलोमीटर. तीन दवाखाने फिरले, बेड नाही. चौथ्याच्या गेटपाशी माणूस गेला. दोन्ही पोरांनी बापाला मधे धरून, सरळ बसवून गावी आणला. नाकाबंदीवर कोणी विचारू नये म्हणून डोक्याला रुमाल बांधला, मास्क लावला.

भुजंग उपकेंद्राच्या पायरीवर बसून राहिला. "आता जीप न्हाई काढणार, सिस्टर. आरशात सारखं त्याचंच तोंड दिसत होतं."

२० एप्रिल

काढली त्यानं जीप. दोन पेशंट घेऊन गेला.

२२ एप्रिल

आज तीन.

२५ एप्रिल

लुंबिनीला ताप. म्हणते, उन्हाचा आहे. त्यातही आठ घरं फिरून आली. मी ओरडले. बोटाला ऑक्सिमीटर लावला — ८९.

"मशीन बिघडलंय," ती म्हणाली.

माझ्या बोटाला लावला. ९८. मग तिनं पिशवीतून गोळ्यांचा हिशेब काढून दाखवला. जणू बदलीच होऊन चालली होती बाई!

२८ एप्रिल

लिहवत नाही.

दुपारी लुंबिनीचा ऑक्सिजन ८०. अँब्युलन्सला फोन केला — गाडी रिकामी नाही, तासाभरानं लावा. भुजंगला बोलवावंही लागलं नाही. मी मागं बसले, तिचं डोकं मांडीवर. हिमायतनगर मागं पडलं. ती मधेच म्हणाली, "किती वाजले?" तीन, म्हटलं. "सृष्टीला फोन लावा. नळाला पाणी आलं असंल. भांडी लाव म्हणावं."

लावला फोन. सृष्टी म्हणाली, "लावलीत. माय कशी हाय?"

भोकरच्या अलीकडे लुंबिनी गेली. भुजंगनं गाडी बाजूला घेतली. वळवायची की पुढं न्यायची, आम्हा दोघांनाही कळेना. कितीतरी वेळ तसेच रस्त्याच्या कडेला.

पोरगी पंधरा वर्षांची आहे. बाप नाही.

३० एप्रिल

रजिस्टरला लिहिलं — कोविड. आणि काय लिहू?

तासाभरात साहेबांचा फोन. "रिपोर्ट कुठंय?"

"साहेब, ती काम करता करता गेली."

"मला वाईट वाटत नाही का? पण एकही केस नसलेल्या गावात कोविडनं मृत्यू कसा दाखवू? काढा ते."

काढलं! रेघ ओढली, वर 'हृदयविकार' लिहिलं, सही केली. माझ्याच हातानं.

संध्याकाळी सृष्टी आली. ड्युटीवर कोविडनं वारलेल्या आशांना विमा आहे, त्याला रिपोर्ट लागतो म्हणे. "मायचा रिपोर्ट तुमच्याकडंच असंल नं?"

शोधते, म्हटलं.

३ मे

रात्रभर बसून यादी केली. नाव, वय, किती दिवस ताप, ऑक्सिजन किती. एकतीस माणसं. पहिलं नाव लुंबिनीचं. खाली लिहिलं की तिच्या नोंदीत मी दबावाखाली खाडाखोड केली. नोकरी जाईल तर जाईल. भुजंग स्वतः ऑफिसात देऊन आला.

५ मे

साहेबांचं उत्तर फोनवरच. "सिस्टर, तुम्ही थकलात. दोन दिवस रजा घ्या. कागद मी बाजूला ठेवलाय."

६ मे

अंगात कणकण. फिनेल ओतलं, वास आला नाही. बाटली नाकाला लावली. तरी नाही.

भुजंगबरोबर नांदेड. चार तास रांगेत उन्हात. नाकात काडी घातली तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं, ते थांबेना. नर्स म्हणाली, "एवढं दुखतं का?" आईला शिरूर अनंतपाळला कळवलं नाही. ती निघून येईल.

९ मे

पॉझिटिव्ह. गावातली पहिली केस मी.

दुपारी सरपंच माणसं घेऊन गेटाबाहेर उभे. "सिस्टर, गावात हे तुम्हीच आणलं." सत्यमही त्यांच्यात. सगळे बोलून गेल्यावर सृष्टी एकटी थांबली.

"माझ्या मायला तुमच्याकडूनच झाला का?"

लुंबिनीला कोविडच होता असं सांगणारा, विम्याच्या अर्जाला जोडायला तिच्याकडे दुसरा कुठलाच कागद नाही. हो, म्हणाले. तसं लिहून, सही करून गेटाच्या फटीतून दिलं.