वर मारलेलं औषध

२६ सप्टेंबर २०१७, मंगळवार

लिहू लिहू म्हणत कितीतरी दिवस टाळलं. भीती कागदावर उतरवली की ती खरी होते, असं वाटतं. म्हणून आधी झाडांबद्दलच लिहितो.

यवतमाळला आहे. एका अपार्टमेंटच्या मधल्या अंगणात बगीचा करायचं काम. निंब, चिंच, शेवगे — बिल्डरने तोडले नाहीत, एवढं बरं! ठेकेदार प्रेमसिंगच्या नकाशात सगळीकडे लॉन. एवढ्या सावलीत गवत जगणार नाही, म्हटलं. "नववी नापास तू, मले शिकवतं काय बे?" मग मी दुपारभर नुसता बसून राहिलो. बाया दळणाचे डबे घेऊन कुठून जातात, पोरं बॉलमागे कुठून पळतात, ते बघितलं आणि तिथूनच चुन्याच्या फक्कीने वाट आखली. वाकडी आली. प्रेमसिंगला आवडली; नकाशातलं लॉन त्याने तिथे खोडलं. मग खारींचं भांडण बघत बसलो आणि आळं अर्धंच राहिलं. ते भीमराजने पूर्ण केलं. माझा जोडीदार, मारेगावकडचा.

२९ सप्टेंबर

शेवग्यावर सुरवंट! खोडच हलतंय असं वाटतं. एका पोरीच्या मानेवर पडला, गांधी उठल्या. सोसायटीच्या इंदुताई तणतणत खाली आल्या — "कोजागिरीले इथंच भुलाबाई बसवायची हाये. एक अळी दिसली तर काम बंद!"

दिवसा खोडावर गोळा होऊन बसतात, पलित्याने जाळू, मी म्हटलं. "झाडं काळी दिसतीन," प्रेमसिंग म्हणाला. "माह्या वावरातलं कपाशीचं औषध आणतो."

रहमत चाचाच्या वावरात फवारणीचा पंप पाठीवर घ्यावा लागू नये म्हणून तर माझं गाव, ढाणकी, सोडलं! पेपरात रोज फवारणीवाल्यांची बातमी. कोणी आंधळा झाला, कोणी गेला.

२ ऑक्टोबर

मी नाही म्हटलं. भीमराजने पंप उचलला. "कायले भेतं? लहानपणापासून मारून राह्यलो."

दोन औषधं एकाच बादलीत, वावरात करतात तशीच. डब्यांवरची नावं वाचली आणि काडीने ढवळलं मी. एवढं केलं. पण वावरात नळी खाली धरतात. इथे झाड डोक्याच्याही वर! मारलेलं सगळं त्याच्याच तोंडावर परत पडत होतं.

"बस कर, भीमराज!"

"चूप बे. मस्त थंड लागून राह्यलं."

काम अर्धं झालं आणि तो चिंचेखाली बसला. ओकला. "इम्त्याज, ऊन गेलं काय रे?"

ऊन होतं.

३ ऑक्टोबर

दवाखान्यात. भीमराजच्या तोंडाला फेस. प्रेमसिंगने मला फाटकाबाहेर गाठलं — "दारू पेला म्हणून सांग. औषधाचं निघालं तर पोलीस तुले बी नेतीन. ढवळलं कोनं? तूच ना?" आणि जाता जाता, "राह्यलेल्या शेवग्यायवर आता मलेच फवारा लागन."

डॉक्टर म्हणाले, "नेमकं काय अंगात गेलंय, खरं सांग. उपचार त्यावर ठरतात."

दारू, म्हटलं. निघालंच तोंडातून!

भीमराजची आई मथुराबाई शेजारीच उभी होती.

४ ऑक्टोबर

भीमराजची छाती घरघरते. मथुराबाई माझ्याजवळ येऊन बसली. "बापू, माहा पोरगा पेत नाही. तुले मालूम हाये ना?"

मालूम आहे. डॉक्टरच्या खोलीकडे निघतो आणि पोलीस आठवतो. मग पाय आपोआप फाटकाकडे वळतात. मघाशी टपरीवर उभा राहून कोणाचा तरी कॅरम बघत होतो! तिकडे तो मरतोय आणि मी सोंगट्या बघतोय.

दुपारी

प्रेमसिंग आलाय! स्ट्रेचरवर! शर्ट ओलाचिंब, औषधाचा वास, डोळे फिरलेले. माझं मनगट घट्ट धरून ओरडला —

"इम्त्याज, डॉक्टरले डब्यायची नावं सांग बे, मले आठवून नाही राह्यलं! दोन्ही सांग, लवकर!"