बहात्तर सालचे वलय

मी, भैरू बाबूराव कडूसकर, वय एकोणपन्नास, मूळ गाव पुनावळे, हल्ली राहणार चाकण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. छातीत दोन स्प्रिंगा बसवल्या असल्या तरी डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, भूल दिलेली नाही. रागात लिहितो आहे, पण राग जुना आहे, त्यामुळे हात कापत नाही.

१. चाकणच्या दोन खोल्या आणि बँकेतली ठेव पत्नी विजयश्रीची. तिच्या हयातीत कोणी वाटणी मागू नये.

२. लाकडाच्या वखारीतला माझा वाटा मुलगी योगिनीला. कंपन्यांच्या मालासाठी खोकी ठोकण्यात तिला रस नसेल तर तिने तो खुशाल विकावा. माझा रंधा मात्र विकू नये.

३. तुळशीची माळ माझ्याबरोबर जावी. माळकऱ्याने सूड घेऊ नये, असे आळंदीचे महाराज मला म्हणाले होते. त्यांचा मान राखून पुढचे कलम लिहितो.

४. वखारीत माझ्या बाकामागे सागाची गोल चकती कापडात गुंडाळून ठेवली आहे. तिची हकीकत अशी.

बहात्तरच्या दुष्काळात, माझ्या जन्माआधी, आई यशोदाबाई भावकीतले सोपानराव कडूसकर यांच्या विहिरीवर पाणी मागायला गेली. विहिरीवर काटेरी फांद्या टाकल्या होत्या. सोपानराव म्हणाले, "ठणठणाट हाय वहिनी. आमीच तहानलोय." आईने फांद्यांतून खडा टाकला. डुबुक असा आवाज आला. तरी घागर रिकामीच परतली. मग ओढ्यातले गढूळ पाणी घरात आले आणि त्या पाण्याने माझी थोरली बहीण गेली.

आईने खड्याची गोष्ट गावात सांगितली. पंचांनी तिलाच देवळाच्या पायरीवर उभे करून 'मी खोटे बोलले' असे म्हणायला लावले. तेव्हापासून तिचे नाव डुबुकबाई पडले. शाळेत पोरे मला विचारत, "काय रे डुबुक, आज पाणी आलं का?" आई ते नाव माथ्यावर घेऊनच वारली.

पुढे सोपानरावांची जमीन इमारतींखाली गेली. विहीर बुजली, काठचा साग तुटला आणि ते खोड आमच्याच वखारीत आले. रहाटाचा दोर अडकवायची लोखंडी कडी बुंध्यात रुतलेली होती, तिच्यावरून ओळखले.

झाडांच्या वलयांवरून जुना पाऊस शोधणाऱ्या तनुजा मॅडम तेव्हा वखारीत चकत्या न्यायला येत. वर्षाला एक वलय. पाऊस चांगला तर रुंद, दुष्काळ तर बारीक. या खोडाची चकती त्यांनी भिंगाखाली पाहिली आणि बाजूला सारली.

"काका, ही नको. डोंगरावरच्या सागांत बहात्तरचं वलय केसाएवढं आहे. हा गडी त्या वर्षी पोटभर जेवलाय. असं झाड पावसाचं काही सांगत नाही."

"असं का?"

"मुळं पाण्यात होती. जवळ विहीर असणार."

मी करवत बंद केली. म्हटले, "मॅडम, ही मला राहू द्या."

माझी इच्छा अशी. देवळाच्या सभामंडपात सोपानरावांच्या देणगीची संगमरवरी पाटी आहे. तिच्याखाली ही चकती टांगावी. पॉलिश मारू नये. बहात्तरच्या वलयात मी पितळी खिळा ठोकला आहे, तो उपटू नये. खाली लिहावे: यशोदाबाईने ऐकले ते खरे होते. विश्वस्तांनी नकार दिला तर सोपानरावांच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर टांगावी. टपरीवाल्याशी बोलणे झाले आहे.

सोपानराव हयात आहेत, त्यांना बोलता येते. त्यांनी त्याच पायरीवर उभे राहून, गावासमोर, 'मी खोटे बोललो' एवढे म्हटले, तर चकती उतरवून बंबात घालावी. त्या पाण्याने त्यांनी खुशाल अंघोळ करावी. त्यांच्या वतीने मुलाने म्हटलेले चालणार नाही.

वरील सर्व योगिनीने पार पाडावे. आजीसाठी एवढे कर, बाळ.

चाकण, माघ पौर्णिमा, दिनांक १२ फेब्रुवारी २०२५
(सही) भैरू बाबूराव कडूसकर

साक्षीदार:
धम्मपाल सोनकांबळे, वखारीतील सहकारी (सही)
गोजाबाई रानवडे, आईची पुनावळ्यातील शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा)

गोजाबाईंना हे वाचून दाखवले. अंगठा उठवण्याआधी त्यांनी सांगितले, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घेतले: "त्या दिशी मी यशोदेच्या मागंच उभी व्हते. डुबुक मीबी ऐकलं. पायरीवर ती एकलीच चढली."